सावंतवाडीच्या राजवाड्यातील गंजिफा

शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांच्या कलेला नवसंजीवनी दिली, आणि आजही तेथे गोल पानांवर बारीक कुंचल्याने रंग भरणारे कारागीर प्रत्यक्ष काम करताना दिसतात. दशावतारी संचात प्रत्येक अवताराचा राजा, वजीर आणि एक्का ते दश्शी अशी १२, म्हणजे एकूण १२० पाने असतात; सगळी हातानेच रंगवायची असल्याने किंमत खिशाला जाणवते, पण ती अवाजवी मुळीच नाही. (घासाघीस करणाऱ्यांनी आधी एखादे पान रंगवून पाहावे!) भौगोलिक मानांकनाने (वस्तूची तिच्या गावाच्या नावाने होणारी कायदेशीर नोंद) नाव राखले जाईल, कारागिरांच्या पुढच्या पिढीला गावातच रोजगार मिळायचा, तर मात्र अशी खरेदीच व्हायला हवी. पूर्ण संच परवडत नसल्यास त्याच शैलीतील एखादी छोटी वस्तू अवश्य घ्यावी.