क्योनिग्सझे: आई-बाबांना घेऊन म्युनिकहून एका दिवसात

आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले की पहिल्या आठवड्यातच सगळ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो, शनिवार-रविवार कुठे न्यायचं. म्युनिकमध्ये राहणाऱ्या जवळपास प्रत्येक मराठी घरात हे होतं. आम्ही या जूनमध्ये क्योनिग्सझेला गेलो होतो, आई, बाबा, मी, नवरा, आमचा पाच वर्षांचा मुलगा, आणि सोबत मैत्रीण, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंना आम्ही काकू म्हणतो, वय ७१, गुडघ्यांचा त्रास. म्हणजे म्हातारी माणसं तीन, लहान मूल एक, आणि तरी दिवस इतका छान गेला की सविस्तर लिहायचंच असं ठरवलं होतं.

आधी एक सांगते. मागच्या वर्षी माझे सासू-सासरे आलेले तेव्हा एका टूर कंपनीची बस केली होती, नाव नाही देत. दोन राजवाडे आणि एक गाव एका दिवसात. बस छान होती, एसी होता, पण प्रत्येक ठिकाणी पन्नास मिनिटं, त्यात वीस मिनिटं टॉयलेटच्या रांगेत. सासूबाई चढावर अर्ध्यात एका बाकावर बसून राहिल्या, आम्ही धापा टाकत वर जाऊन फोटो काढून धापा टाकत खाली, आणि गाइड घड्याळ बघत उभा. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण भारतात परत गेल्यावर फोनवर कोणाला तरी सांगत होत्या की बसमधून बघितलं सगळं. मला ते फार लागलं. तेव्हाच ठरवलं की आपली माणसं इतक्या लांबून येतात तर एका दिवसाला एकच जागा, आणि तिथे पोटभर वेळ.

तर क्योनिग्सझे. जर्मनीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, ऑस्ट्रियाच्या हद्दीला लागून, बेर्ष्टेसगाडेनच्या डोंगरांत अडकलेला लांबट तलाव. लांबी साधारण पावणेआठ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त सव्वा किलोमीटर, दोन्ही बाजूंनी कडे सरळ पाण्यात उतरलेले, त्यामुळे काठाने रस्ता करायला जागाच नाही. आत जायचं तर बोटीनेच. आणि हीच म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात सोयीची गोष्ट आहे, कारण चढायचं काही नाही, बसून राहायचं आणि डोंगर आपल्या दोन्ही बाजूंनी सरकत जातात.

जायचं कसं ते सांगते कारण सगळे तेच विचारतात. आमच्याकडे डॉइशलंड तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल-रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास, आहेच, पाहुण्यांसाठी बायर्न तिकीट काढलं, म्हणजे बायर्न (बव्हेरिया) राज्यात फिरायचं एका दिवसाचं तिकीट. एका बायर्न तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं, पहिल्या माणसाचे पैसे जास्त आणि पुढच्या प्रत्येकाचे थोडे थोडे, म्हणून ग्रुपमध्ये खूपच स्वस्त पडतं. आमच्या तीन ज्येष्ठांचं एकच तिकीट. सहाच्या आतली मुलं फुकट. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतं, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मध्यरात्रीपासून, म्हणून लांब जायचं असेल तर शनिवारच बरा. फक्त लोकल आणि रीजनल गाड्यांमध्ये चालतं, आयसीई किंवा आयसी-ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चुकून बसलात तर दंड. आणि तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात, हे बरेच जण विसरतात, गाडीत बसायच्या आधी पेन काढा आणि लिहा.

सकाळी सातच्या सुमाराची साल्झबुर्गकडे जाणारी गाडी पकडली, ती फ्रायलासिंगला बदलायची, तिथून छोटी गाडी बेर्ष्टेसगाडेनपर्यंत, आणि स्टेशनच्या बाहेरूनच ८४१ नंबरची बस तलावापर्यंत, ही बसही बायर्न तिकिटातच. दारापासून तलावापर्यंत साडेतीन तास धरा. लांब वाटतं पण वाटेत रोझनहाइम सोडलं की डोंगर दिसायला लागतात, पुढे डाव्या हाताला कीमझे तलावाचं पाणी मधेमधे चमकतं, आणि फ्रायलासिंगनंतरची गाडी तर हळूहळू झाडीतून चढत जाते. गाडीत बसायला म्युनिकच्या मुख्य स्टेशनवरूनच चढा, शहरातल्याच पुढच्या ओस्टबानहोफ स्टेशनला येईपर्यंत शनिवारी गाडी भरलेली असते आणि मग काकूंसारख्या माणसाला उभं राहावं लागतं.

डबा घरून नेला होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले मैत्रिणीचे, काकूंनी केलेल्या वड्या. तलावाच्या आत पोहोचल्यावर शाकाहारी माणसाला फार पर्याय नाहीत, सूप-सॅलड-बटाटे इतकंच, त्यामुळे डबा न्याच.

आता बोट. या तलावावर १९०९ पासून इलेक्ट्रिक बोटी चालतात. हो, १९०९, आपल्याकडे लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते त्या काळात. डिझेल-पेट्रोलच्या बोटी प्रवाशांसाठी नाहीतच, म्हणून पाणी इतकं स्वच्छ आहे की धक्क्याजवळ तळाचे दगड मोजता येतात. लांबट लाकडी बोट, दोन्ही बाजूंना मोठ्या खिडक्या, आत बाक. सुटली तेव्हा आम्हाला कळलंच नाही, आवाजच नाही, फक्त धक्का मागे जायला लागला. बाबा ३१ वर्षं पाटबंधारे खात्यात होते, त्यातली बरीच कोयनेच्या बाजूला, तापोळ्याच्या लाँचमध्ये असंख्य वेळा बसलेले. त्यांना ती फटफट आणि डिझेलचा वास पाण्याबरोबरच येतो अशी सवय. पहिली पाच मिनिटं ते काहीच बोलले नाहीत, मग मला म्हणाले, "अगं, पाण्याचा आवाज येतोय बघ." खरंच येत होता, बोटीच्या पोटाला पाणी लागतं तो बारीक आवाज.

मग त्यांनी विचारलं खोली किती. मी बघून ठेवलं होतं, १९० मीटर. कोयनेचं धरण १०३ मीटर उंच. बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला आणि आईला समजावून सांगितलं की आपलं आख्खं धरण इथे उभं बुडवलं तरी त्याच्या डोक्यावर अजून ८७ मीटर पाणी राहील. नंतर दिवसभर ते पाण्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. आपल्या माणसाला काय दाखवायचं हे आपल्याला वाटतं तितकं माहीत नसतं, मी राजवाडे शोधत बसले असते आणि बाबांना हवी होती खोली.

प्रवासाच्या मध्ये एका कड्यासमोर बोट थांबते. नावाडी उठतो, दार उघडतो आणि फ्लूगलहॉर्न काढतो, म्हणजे आपल्या बँडमधल्या ट्रम्पेटचा जरा जाडसर, मऊ आवाजाचा भाऊ. चार-पाच सुरांची एक ओळ वाजवली आणि थांबला. एक क्षण काहीच नाही. मग समोरच्या कड्यातून तीच ओळ परत आली, जशीच्या तशी, पण जरा लांबून, जरा ओली. काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पलीकडं कोण वाजवतंय?" त्यांना खरंच वाटलं की दुसरा माणूस डोंगरात बसलाय. नावाड्याने अजून वाजवलं, परत आलं, आमचा मुलगा एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता. माहिती सगळी जर्मनमधून सांगतात आणि ती पण तिकडच्या बोलीत, मला निम्मी कळली, आईला शून्य, पण या एका गोष्टीला भाषा लागत नाही. नंतर नावाडी टोपी फिरवतो, दोन युरो आनंदाने टाका, त्यासाठी सुट्टे ठेवा.

जाताना उजव्या बाजूला बसा, सेंट बार्थोलोमेचं चर्च त्या बाजूने येतं. पांढऱ्या भिंती, लाल कांद्यासारखे घुमट, आणि मागे वाट्समानचा कडा. वाट्समान २७१३ मीटर, तलाव ६०३ वर, म्हणजे पाण्यापासून शिखर दोन हजार मीटरच्या वर, आणि आपली कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६. मान वर करून करून आईची मान दुखली. या डोंगराची एक दंतकथा आहे, वाट्समान नावाचा क्रूर राजा, शेतकऱ्याच्या कुटुंबावर घोडे घातले म्हणून शाप लागून बायको-मुलांसकट दगड झाला, मोठं शिखर राजा, बाजूचं बायको आणि मधली छोटी शिखरं मुलं. आईने ती नातवाला लगेच रंगवून सांगितली, त्यात दोन प्रसंग स्वतःचे घातले.

पस्तीसेक मिनिटांत सेंट बार्थोलोमे. इथेच आम्ही सगळ्यात जास्त वेळ काढला, जवळजवळ तीन तास, आणि तेच बरोबर केलं. सपाट गवत, झाडांखाली बाक, पाण्याच्या काठाने खडीची सोपी वाट, काकू काठी घेऊन आरामात फिरल्या. देवळाची पहिली बांधणी ११३४ ची, आत्ताचं रूप सतराव्या शतकाच्या शेवटचं. हा संत तिकडच्या डोंगरी शेतकऱ्यांचा आणि गवळ्यांचा. दरवर्षी २४ ऑगस्टनंतरच्या शनिवारी ऑस्ट्रियातल्या मारिया आल्म गावातून लोक डोंगर ओलांडून पायी इथे येतात. १६८८ मध्ये या यात्रेकरूंची नाव तलावात बुडाली, सत्तरच्या आसपास माणसं गेली, त्यांच्यासाठी कड्यावर लाल क्रूस लावलाय, तो बोटीतून दिसतो. आईला हे सांगितलं तर तिने चर्चमध्ये जाऊन दोन मिनिटं हात जोडले. मग काठावर आली, वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, थोडं डोक्यावर शिंपडलं, माहुलीला कृष्णेवर करते तसंच. पाणी बर्फासारखं गार. मला काहीच बोलता आलं नाही.

बाबांनी तिथला धुरी दिलेला मासा खाल्ला, ट्राउटचा भाऊबंद, तलावातलाच, ब्रेड आणि लिंबाबरोबर. शनिवार म्हणून आई शिवली नाही, बाबा वार पाळत नाहीत. बाबांच्या मते तिखट हवं होतं पण मासा ताजा, काटा सहज सुटतो. मी पण खाल्ला, छान होता, किंमत टुरिस्ट जागेची आहे हे धरून चला.

पुढे तलावाच्या पलीकडच्या टोकाला, सालेटपर्यंत बोट जाते, उन्हाळ्याच्या सीझनमध्येच. तिथून पंधरा मिनिटं चाललं की ओबरझे हा छोटा तलाव, त्याच्या काठावरचं ते लाकडी बोटघर तुम्ही इन्स्टावर शंभरदा बघितलं असेल. वाट दगडगोट्यांची आहे पण सोपी. मी, मैत्रीण आणि दोन्ही नवरे मुलाला घेऊन जाऊन आलो, आई-बाबा-काकू बार्थोलोमेलाच झाडाखाली बसले, काकूंनी तर मस्त झोप काढली. तिकीट सालेटपर्यंतचं आणि बार्थोलोमेपर्यंतचं वेगळं असतं, चालता येत नसेल तर बार्थोलोमेपर्यंतचंच काढा, काही बिघडत नाही. ओबरझे पलीकडे जर्मनीतला सगळ्यात उंच धबधबा आहे, साधारण ४७० मीटर, पण तो अशा ज्येष्ठ मंडळींबरोबर नाही, त्याला तरुण पाय आणि आख्खा दिवस हवा.

काही गोष्टी लक्षात ठेवा. पाण्यावर जूनमध्येही गार वारं लागतं, ज्येष्ठांना स्वेटर आणि कानटोपी हवीच. ढगाळ दिवशी अजिबात जाऊ नका, कडे दिसले नाहीत तर काही उरत नाही, सकाळी वेबकॅम बघून निघा. उन्हाळ्यात शनिवारी अकरानंतर धक्क्यावर तिकिटाची रांग खूप वाढते, साडेदहाच्या आत पोहोचा. परतताना दुपारी चारनंतर सगळ्यांनाच बोट हवी असते, आम्ही तीनला निघालो. आणि शेवटची बोट चुकली तर रस्ता नाही हे विसरू नका, धक्क्यावर उतरल्या उतरल्या बोटींच्या वेळांच्या पाटीचा फोटो काढून ठेवा.

रेटिंग विचाराल तर बोटीला पाचपैकी पाच, बायर्न तिकिटाला पाच, खाण्याला तीन, साडेतीन तासांच्या प्रवासाला चार, कारण परतीला मुलगा फ्रायलासिंगनंतर माझ्या मांडीवर आणि काकू बाबांच्या जॅकेटवर डोकं टेकून झोपल्या होत्या आणि सगळेच दमलेले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पलीकडच्या कुरणांवरच्या गायी सजवून बोटीतून या तलावावरून खाली आणतात, आणि उन्हाळ्यात एखादं जनावर दगावलं असेल तर त्या वर्षी सजवत नाहीत. आईला बैलपोळ्याची आठवण झाली, तिला ते बघायचंय. त्यांचा व्हिसा ऑगस्टअखेर संपतो, म्हणून पुढच्या वर्षी त्यांना सप्टेंबरमध्येच बोलवायचं ठरतंय. ते धक्क्यावरून नीट दिसतं का, की बार्थोलोमेला जाऊन थांबावं लागतं? कोणी बघितलं असेल तर मला जरूर सांगा.