फोनमधला टायमर की यूट्यूबची हिस्टरी बंद?

यूट्यूबवर एक व्हिडिओ बघायला जायचं आणि तासाभराने भलतंच काहीतरी बघत बसायचं, हे ज्यांचं होतं त्यांच्यासाठी लिहितोय. लोक साधारण दोन उपाय सांगतात, एकतर फोनच्या सेटिंगमधून अ‍ॅपला रोजचा टायमर लावा, नाहीतर अकाउंटमधली वॉच हिस्टरी, म्हणजे तुम्ही काय काय बघितलं याची यूट्यूब ठेवतं ती नोंद, बंद करून टाका. मी दोन्ही करून बघितलंय. ब्रेक घ्या म्हणून आठवण करून देणारा रिमाइंडर मी धरतच नाही, तो एका टिचकीत जातो.

टायमर लावायला सोपा, शिवाय इन्स्टालाही लागतो, हे त्याच्या बाजूने. पण त्याला फक्त मिनिटं कळतात, ती कशात गेली याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणजे सकाळी शॉर्ट्समध्ये कोटा उडवायचा आणि संध्याकाळी बेसिनखाली आडवं पडून, एका हातात पान्हा, नळ खोलून ठेवलेला, समोरचा माणूस आता वायसर कुठल्या बाजूने बसवायचं ते दाखवणार आणि तेवढ्यात अ‍ॅप बंद, आजची वेळ संपली! मग ओल्या हातांनी सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवा. आणि एकदा ती वाट सापडली ना, की रात्री अंथरुणातही बोट आपोआप तिकडेच जातं. माझ्यापुरता टायमर इथेच निकालात निघाला.

हिस्टरीचं काम वेगळं आहे. ऑगस्ट 2023 पासून यूट्यूबने असं केलंय की हिस्टरी बंद असेल आणि आधीचीही फारशी शिल्लक नसेल तर होमवर काही दाखवतच नाही, वर सर्च आणि खाली मोकळं पान. त्यामुळे नुसती बंद करू नका, जुनी क्लिअरही करा. नळाचं शोधायला गेलो की नळाचंच बघून बाहेर पडतो, निदान बहुतेक वेळा. सबस्क्राइब केलेली चॅनल्स त्यांच्या टॅबमध्ये नेहमीसारखी दिसतात.

तोटे आहेत. दोन तासांचं लेक्चर अर्ध्यावर सोडलं तर कुठपर्यंत बघितलं ते तुम्हीच लक्षात ठेवायचं. व्हिडिओखालची यादीही जात नाही, म्हणून ऑटोप्ले बंद करणं आलंच. लॅपटॉपवर अनहूकसारखं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं टूल) ती यादीसुद्धा लपवतं, पण माझा वेळ जातो फोनवर, तिथे यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये त्याचं काही चालत नाही.

तुमचा वेळ मुख्यतः इन्स्टावर जात असेल तर टायमरच बघा, हिस्टरीचा तिथे काही संबंध नाही. यूट्यूबच डोकेदुखी असेल तर मी तरी हिस्टरी बंद करा म्हणेन. फक्त घरच्या टीव्हीवर तुमचंच अकाउंट असेल तर आधी आईला वेगळं काढून द्या, नाहीतर तिची कीर्तनंही होमवरून गायब होतील आणि त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.