रात्री तिथे कोण असतं, ते आधी विचारा

सांगली, मिरज, कुपवाड भागात घरातल्या वयस्कर माणसाला केअर सेंटरमध्ये ठेवायचा कुणाचा विचार चालू असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून संस्थेचं नाव इथे लिहीत नाही.

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. गावभागातल्या घरात पेन्शनवर स्वतःचं स्वतः बघून राहायची. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ऑपरेशन छान झालं, पण वय ८१, जोडीला मधुमेह आणि इन्सुलिन. उठून चालायला लागेपर्यंत प्रशिक्षित माणसाच्या हाताखाली ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. मी आणि भाऊ दोघंही नोकरी करणारे. ओळखीतून हे सेंटर समजलं.

बघायला गेलो तेव्हा फरशी लखलखीत, भिंतीला धरायला दांड्या, हॉलमध्ये आरतीला बसलेले आजी-आजोबा. चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही निर्धास्त राहा. चोवीस तास नर्स आहे, डॉक्टर रोज येतात, दर दोन तासांनी आम्ही कूस बदलतो." पन्नास हजार अनामत आणि महिन्याचे अठ्ठावीस हजार आगाऊ भरले.

भेटायची वेळ फक्त संध्याकाळी चार ते सहा. त्या वेळी आत्या पावडर लावून, केस विंचरून खुर्चीत बसवलेली असायची. नंतर नंतर ती बोलता बोलता पेंगायला लागली. रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवणारी बाई, तिची जीभ जड झाली. विचारलं की उत्तर एकच, "वय झालंय ना ताई, असं होतंच." मग ताप आला. आम्ही मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला कुशीवर वळवलं आणि आम्हाला जवळ बोलावलं. माकडहाडाच्या वर तळहाताएवढी जखम, आत खोलवर गेलेली. डाव्या टाचेची कातडी काळी पडलेली. अंगाला सतत पावडरचा वास का यायचा, ते तेव्हा कळलं.

अशी पडून राहून होणारी जखम, म्हणजे बेडसोअर, एका रात्रीत एवढी खोल होत नाही. हाडाच्या टोकावर एकाच जागी भार राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो. आधी कातडी लाल होते, बोटाने दाबली तरी पांढरी पडत नाही. तेव्हाच कूस बदलत राहिलं तर बहुतेकदा तिथेच थांबतं. मधुमेह्याची जखम भरायला महिने जातात. एअर बेड घातला म्हणजे वळवायची गरज उरली नाही, असंही नाही. भेटायला गेलात की चादर बाजूला करून कंबर, खुबा आणि टाचा स्वतः बघा. माणूस संकोचेल, तरी बघा.

आत्याच्या औषधांच्या पुडीत झोपेची गोळी निघाली. ती मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली नव्हती. सेंटरकडे तिची चिठ्ठी मागितली, ती आजवर मिळालेली नाही. गुंगीतला माणूस पाणी मागत नाही, स्वतःहून हलत नाही, दुखलं तरी सांगत नाही. त्यात इन्सुलिन चालू असेल आणि जेवण अर्धवट झालं असेल तर शुगर उतरलेलीही कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो झोपलेलाच दिसतो.

तिथे रात्रपाळी करणाऱ्या एक बाई नंतर आत्याला बघायला दवाखान्यात आल्या. रडत म्हणाल्या, "खाली-वर मिळून बावीस माणसं आणि रात्री मी एकटी. कुणाकुणाची कूस बदलू ताई?" त्यांच्यावर माझा राग नाही. एकाला वळवून डायपर बघायला दहा मिनिटं धरली, तर दहा-बारा अंथरुणाला खिळलेल्यांची एक फेरी होईतो पहिल्याची वेळ पुन्हा झालेली असते. एका बाईने ते रात्रभर करावं, हे मुळात शक्यच नाही. ते शक्य नाही म्हणूनच गोळ्या देतात, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्यांना "सिस्टर" म्हणून आमच्यासमोर उभं केलं होतं, त्यांनी एएनएम किंवा जीएनएम यापैकी नर्सिंगचा कुठलाच कोर्स केलेला नव्हता. नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा.

आम्ही नोंदींच्या झेरॉक्स मागितल्या. बीपी, शुगर, कूस बदलल्याची खूण, सगळं सुबक भरलेलं, एकाच पेनाने, एकाच हाताने. आत्या मिरजेत ॲडमिट होती त्या दिवसांचीही सकाळची शुगर १४२ लिहिलेली आणि पुढे "कूस बदलली" म्हणून बरोबरची खूण! त्या पानाचा फोटो तिथेच उभं राहून काढला.

अनामत परत मागितली तर पावती पुढे केली. तिच्यावर "ऐच्छिक देणगी" छापलेलं होतं आणि देणगी परत होत नाही, असं सांगितलं. पैसे घेताना तोंडी "अनामत", कागदावर देणगी. पावती हातात पडली की तिथल्या तिथे वाचा आणि अनामत किती, ती कधी परत, हे लिहून घ्या. डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येणार, रात्री किती माणसं असणार, हेही करारात हवं. शक्य असेल तर रात्री नऊनंतर अचानक जा. आत सोडत नसतील तर तिथे ठेवू नका.

सांगलीकरांना आणखी एक सांगते. खाटेवरची माणसं तळमजल्यावर ठेवली असतील, तर पूर आल्यावर त्यांना कुठे आणि कशातून हलवणार, ते विचारा. २०१९ आणि २०२१ आपण पाहिलंय. आम्हाला याचं उत्तर "बघू की तेव्हा" असं मिळालं होतं.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावलाय. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षांचीच असते. संस्था ट्रस्ट आहे, म्हणून देणगीच्या पावतीबद्दल धर्मादाय कार्यालयातही अर्ज दिलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि ज्येष्ठ नागरिकांची १४५६७. दुसऱ्या नंबरवर सकाळी आठ ते रात्री आठ फोन लागतो.

आत्या आता भावाकडे आहे. ड्रेसिंगला नोंदणी असलेली नर्स येते, जखम कडेने भरत आलीय. ज्यांचं माणूस अशा ठिकाणी आहे किंवा होतं, त्यांनी पावत्या, औषधांच्या चिठ्ठ्या आणि तारखेसह फोटो जपून ठेवा. आमच्या दाव्यात मिरजेचं डिस्चार्ज कार्ड आणि तो १४२ चा तक्ता शेजारी शेजारी जोडलाय.