पणजोबांच्या फोटोचं स्कॅनिंग: साधं स्कॅन घ्या, एन्हान्स अजिबात नको

आमच्या पणजोबांचा एकच फोटो आहे, स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा आणि हे रायफल टेकवून उभे. घरात एवढंच माहिती की बसऱ्याच्या लढाईला (पहिलं महायुद्ध, आताचा इराक) गेलेले. मागच्या महिन्यात पेठेतल्या एका फोटोवाल्याकडे दिला, साधं स्कॅन ३५० रुपये, एन्हान्स करून रंगीत प्रिंट १२०० रुपये, दोन्ही करून घेतलं.

साधं स्कॅन एक नंबर. काच फोटोला चिकटलेली, ती त्या काकांनी अर्धा तास खपून सोडवली, कुठे ओरखडा नाही. १२०० डीपीआयची (इंचाला १२०० ठिपके) फाईल रात्री मोठी करून बघत बसलो आणि खरंच अंगावर काटा आला. रायफलची नळी लाकडाच्या बाहेर येतच नाही, पुढे बोथट नाक, म्हणजे ब्रिटिश फौजेची आखूड ली-एनफिल्ड रायफल. जुनी लांब ली-एनफिल्ड असती तर नळी लाकडाच्या पुढे दिसली असती, आणि ती हिच्यापेक्षा साधारण ५ इंचांनी लांब, जमिनीवर टेकवली तर बरगड्यांपर्यंत येते, ही कमरपट्ट्याच्या जरा वर संपते. छातीवरून तिरका चामडी पट्टा, त्याला ५ खिसे, प्रत्येकात १० काडतुसं म्हणजे ५० झाली. कमरेला म्यानात संगीन, मुठीजवळ तिला वाकडा आकडा. तो आकडा ब्रिटिशांनी १९१३ मध्ये बंद केला, त्यामुळे ही संगीन बहुधा युद्धाच्या आधीची. पायाच्या पट्ट्या इतक्या घट्ट आणि एकसारख्या गुंडाळल्यात की माणूस किती नेटका असेल ते कळतं.

आता एन्हान्स केलेला. चेहरा गुळगुळीत, डोळे चकचकीत, आजी म्हणाली हे आमचे सासरे नाहीतच. चापाच्या पुढची १० गोळ्यांची पेटी कॉम्प्युटरनं लाकडात मिसळून टाकली, संगिनीचा आकडा गायब. पण सगळ्यात वाईट खांद्यावर झालंय. तिथे पलटणीच्या नंबराचे पितळी आकडे आहेत, साध्या स्कॅनमध्ये १ आणि १ स्पष्ट वाचता येतात, तिसरा सावलीत. मराठ्यांच्या ११०, ११४, ११६, ११७ अशा चार पलटणी ११ नं सुरू व्हायच्या, त्यामुळे सगळं त्या तिसऱ्या आकड्यावर आहे. एन्हान्समध्ये तिथे गोल, सुबक शून्य काढून ठेवलंय! ११० वी इराकमधल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. ११४ वी १९१८ मध्ये इराकमध्येच शरकातला लढत होती. एका खोट्या शून्यानं आमचा माणूस कैदेत जातो की शेवटपर्यंत लढतो हे ठरणार, आणि पुढच्या पिढीच्या हातात हीच प्रिंट गेली तर तेच खरं धरून चालणार ना.

दुकानात सांगितलं तर मुलगा म्हणाला, सगळ्यांना असंच आवडतं. काकांनी मात्र नीट ऐकून घेतलं.

स्कॅनला ५ स्टार, एन्हान्सला १. फाईल टिफमध्येच (दर्जा न घटवणारा फाईलचा प्रकार) मागा, व्हॉट्सअॅपवर घेऊ नका, आणि फोटोच्या मागची बाजू पण स्कॅन करून घ्या, आमच्याकडे ती राहून गेली. शनिवारी फोटो परत नेतोय, खांद्याचा तेवढाच भाग २४०० वर करून देतो म्हणालेत.