प्रकाशकाची प्रूफं की लेखिकेची लव्हस्टोरी? सोलापुरात बसून ठरवायचं असेल तर

मागच्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी आली, बीकॉम झालीय, अर्ज भरून भरून वैतागलीय, आणि दारातच म्हणाली, "काकू, मी पण महिन्याला दहा-बारा लव्हस्टोऱ्या वाचते, मला पण तुमच्यासारखं एडिटिंग करता येईल की ओ." मी म्हटलं आधी आत ये, चहा घे. तर तिच्यासमोर खरंच दोन कामं होती. पुण्याच्या एका प्रकाशकाला पानाच्या हिशोबानं प्रूफं, म्हणजे छपाईआधीची पानं, चुकांसाठी तपासणारी व्यक्ती हवी होती. आणि विजापूर रोडला राहणाऱ्या एका ताईंनी प्रतिलिपी या गोष्टींच्या ॲपवर भागाभागात लिहिलेली प्रेमकथा पुस्तक म्हणून काढायची ठरवली होती, त्यांना "कुणीतरी नीट करून देणारं" पाहिजे होतं. मी नऊ वर्षांत दोन्हीकडचं पाणी प्यायलेय, म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं लिहितेय, थोडं वाढवून.

सगळे सांगतात की आधी प्रूफरीडिंग कर, हात बसव, मग एडिटिंगकडे जा. मीही तसंच केलं. पण अट्टल वाचक असणाऱ्या माणसाला हा सल्ला चुकीचा आहे असं माझं आता मत झालंय. कारण प्रूफं तपासताना गोष्ट वाचायचीच नसते! अक्षर वाचायचं असतं. आपल्याला सवय काय, तर डोळा ओळीच्या पुढं पळतो, पुढं काय होणार या ओढीनं अर्धे शब्द आपण मनातच पूर्ण करतो, आणि नेमक्या त्याच शब्दात वेलांटी चुकलेली असते. माझ्या पहिल्या कामात हिरो गिरणीच्या गेटवर हिरॉइनला भेटतो ते पान मी इतकं मन लावून वाचलं की "सूत" च्या जागी "सुत" छापलेलं तीन वेळा डोळ्यांखालून गेलं. सुत म्हणजे मुलगा. सोलापुरात बसून सूत चुकवलं म्हणजे काय बोलायचं! प्रकाशकांकडच्या काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "ताई, गिरणीत मुलगे विणतात का?" बरं, स्पेलचेक इथं काही कामाचा नाही, दोन्ही शब्द खरेच आहेत ना. दिन आणि दीन, शिर आणि शीर, असली शेकड्यानं जोडपी आहेत. शुद्धलेखनाचे नियम तसे फार नाहीत, मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, एवढेच अठरा. पाठ होतात. पण पाठ असणं वेगळं आणि दोनशेव्या पानावर रात्री अकरा वाजता आठवणं वेगळं.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी तिथंच येतं सगळं.

प्रूफांचं मला पानाला १५ रुपये मिळायचे, दोन वाचनं धरून. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे ३,००० रुपये. नीट केलं तर तासाला आठ पानं होतात, म्हणजे पंचवीस तास, म्हणजे तासाला १२० रुपये. लेखिकेकडून मी शब्दाला ४० पैसे घेते. चाळीस हजार शब्दांची कादंबरी, १६,००० रुपये. ऐकायला भारी वाटतं. पण तास मोजा की. एकदा नुसतं वाचायला पाच तास, मग काय चाललंय काय बिघडलंय याचं लांबलचक पत्र लिहायला सहा, ओळीओळीवर काम करायला तासाला हजार शब्द धरले तर चाळीस, त्यांनी बदलून पाठवलेलं परत बघायला दहा. आणि फोन! फोनचे बारा तास मी आता हिशोबात धरतेच, पहिली दोन वर्षं धरत नव्हते. झाले त्र्याहत्तर. तासाला २२० रुपयांच्या आसपास. म्हणजे दुपटीला थोडं कमी, चौपट-पाचपट नाही, जे त्या १६,००० आकड्याकडं बघून वाटतं.

पैसे कधी मिळतात हे किती मिळतात याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. एका प्रकाशकानं मला पुस्तक बाजारात आल्यावर देतो म्हणून सांगितलं होतं, आणि पुस्तक यायला चौदा महिने लागले, कारण लेखकाला मुखपृष्ठ आवडत नव्हतं, त्यात माझा काय दोष? पण दिले मात्र, आणि टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा इन्कम टॅक्स, दहा टक्के कापून दिले, तो रिटर्न भरल्यावर परत मिळाला. लेखिकांकडून मी निम्मे आधी घेते. एक बाई पहिले पाच प्रकरणं करून घेऊन गायब झाल्या, तेव्हापासून हा नियम. मुलीनं विचारलं, ओळखीतल्या माणसाकडून आधी पैसे कसे मागायचे? मी म्हटलं चाटी गल्लीत साडी घेताना ओळखीचा दुकानदार काय करतो, बसवतो, चहा पाजतो, आणि बिल देतो. तसंच.

आता प्रत्यक्ष काम. इथं मी जरा रेंगाळणार, कारण लोकांना वाटतं प्रेमकथा एडिट करायची म्हणजे काय, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि "डोळ्यांत पाणी तरळलं" कमी करायचं. (ते करायचंच असतं. एका कादंबरीत मी मोजलं, एक्केचाळीस वेळा तरळलं होतं.) अमेरिकेत रोमान्स लिहिणाऱ्यांची जी संघटना होती, रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका, तिची व्याख्या दोनच गोष्टी मागायची: मधोमध प्रेमाची गोष्ट हवी आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा देणारा हवा. मराठीतही वाचकाची अपेक्षा तीच, शेवटी दोघं एकत्र दिसली नाहीत तर शिव्या येतात. म्हणजे शेवट काय होणार हे पहिल्या पानापासून सगळ्यांना माहितीय. मग माणूस वाचतो कशासाठी? कसं होणार यासाठी. आणि एडिटरचं सगळं काम त्या "कसं" मध्ये आहे.

उदाहरण देते. इंग्रजी रोमान्सच्या एडिटरला जे हत्यार मिळत नाही ते आपल्याकडं आहे, "तुम्ही" वरून "तू" वर येणं. ठरवून झालेल्या लग्नाच्या गोष्टी मराठीत पोत्यानं लिहिल्या जातात, बायको नवऱ्याला अहो म्हणते, आणि एक दिवस तिच्या तोंडून "अरे ऐक ना" निघतं. ते एक वाक्य म्हणजे अख्खी प्रेमकथा आहे. आणि काय होतं, लेखिकेनं दहा महिन्यांत ऐंशी भाग लिहिलेले असतात, भाग बारामध्ये चुकून "तू" गेलेलं असतं, चौदाला परत "तुम्ही", चाळीसला भांडणात "तू", आणि जिथं खरा क्षण येतो तिथं वाचकाला काही वाटतच नाही कारण ते आधीच तीनदा वापरून झालंय. मी प्रत्येक पुस्तकाला एक वही करते, त्यात एक रकाना फक्त याचा, कोण कुणाला कुठल्या पानावर काय म्हणतं. प्रूफं तपासणाऱ्याला यातलं काही बघायचं नसतं. बघितलं तरी बोलायचं नसतं, काकांनी मला तेही सांगितलं होतं एकदा, प्रेमानं.

दुसरं, भागांची कथा पुस्तकात आणताना येणारा घोळ. ॲपवर प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजतं, फोन येतो, कुणीतरी बेशुद्ध पडतं, आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला आधीच्या भागाची आठवण करून दिलेली असते. रोज एक भाग वाचणाऱ्याला ते लागतं. पुस्तकात ऐंशी वेळा दार वाजलं तर वाचक म्हणतो उघडं ठेवा की ते! कापायला घेतलं तर पाचवा हिस्सा सहज जातो, आणि तिथं लेखिकेचा जीव तुटतो, कारण प्रत्येक दाराखाली तिला तीनशे कमेंट आलेल्या असतात.

तिसरं, कॅलेंडर. माझ्याकडं आलेल्या एका गोष्टीत मे महिन्यात बार्शी रोडवरच्या शेतात हुरडा पार्टी होती. मे मध्ये! चाळीसच्या वर पारा असताना, शेतात ज्वारीचं ताट नसताना, हिरो हिरॉइनला हुरडा भरवतो. आणि दहा दिवसांत दोनदा पौर्णिमा. मुंबईतल्या वाचकाला चालून जाईल, पण सोलापूर, मंगळवेढ्याचा माणूस तिथंच पुस्तक मिटतो. तो सीन आम्ही जानेवारीत नेला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जोडला, आणि मे मध्ये अंगावर शाल कशी, हा प्रश्नही थंडीमुळं आपोआप सुटला. असल्या दुपारी मला हे काम का आवडतं ते कळतं.

आणि असल्याही दुपारी असतात जेव्हा प्रूफं बरी वाटतात. एका कादंबरीत हिरो हिरॉइनचा हात पिरगळतो आणि ती त्याला त्याचं प्रेम समजते. मी पत्रात लिहिलं की हे मला पटत नाही, वाचक आता हे खपवून घेत नाहीत, इथं दुसरं काही करता येईल का. ताईंचा फोन आला, दीड तास, आणि तासाभरानं माझ्या लक्षात आलं की आपण हिरोबद्दल बोलतच नाहीये, त्या स्वतःच्या लग्नाबद्दल बोलतायत. अशा वेळी गप्प बसून ऐकायचं, की "आपण पान ११२ वर परत येऊ या का" म्हणायचं? मी ऐकलं. फोनच्या त्या बारा तासांत हे सगळं येतं. प्रूफांत काना-मात्रा रडत नाहीत.

तांत्रिक बाजू पटकन सांगते. प्रकाशकाकडून बहुतेक पीडीएफ किंवा प्रिंट येते, खुणा करून पाठवली की विषय संपला. लेखिकांच्या फायली म्हणजे लॉटरी, कुणी मोबाईलवर टाईप केलेलं, कुणी श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधलं, ते आता सगळीकडं चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणताना रफार उडतात आणि "दुसऱ्या" चं काहीतरी भलतंच होतं. वर्डमधलं ट्रॅक चेंजेस, म्हणजे केलेला प्रत्येक बदल दिसत राहतो ती सोय, शिकून घ्या, आणि लेखिकेलाही शिकवा, नाहीतर त्या सगळं ॲक्सेप्ट करून परत पाठवतात आणि मग म्हणतात माझं वाक्य कुठं गेलं.

इंग्रजीचं काय, हे त्या मुलीनं विचारलंच. पैसे जास्त आहेत, नक्की. भारतातल्या बऱ्याच मुली इंग्रजीत रोमान्स लिहून स्वतः ॲमेझॉनच्या किंडलवर ई-बुक म्हणून टाकतात, शब्दाला एक रुपया म्हटलं तरी साठ हजार शब्दांचे साठ हजार होतात. बाहेरच्या साईटवरून काम घेतलं तर कमिशन जातं, फायव्हर सरळ २० टक्के कापतं. पण तिथं स्पर्धा जगाशी आहे, आणि आपलं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं असणं म्हणजे दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करण्याइतकं चांगलं असणं नव्हे. मराठीसाठी किंडलचं दार २०१६ च्या शेवटी उघडलं, तिथं आणि ॲपवर लिहिणाऱ्या खूप आहेत, नीट एडिट करणारे बोटावर मोजण्याइतके. मी मराठीच म्हणेन.

पुण्याला जाऊन राहावं का? नको. प्रकाशक अप्पा बळवंत चौकाच्या आसपास सगळे एकवटलेत हे खरं, पण वर्षातून दोनदा सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, भेटून यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत, कडक भाकरी-चटणी बरोबर न्यायची. खोलीभाड्यात पानाला पंधरा रुपये कुठं पुरतात. उलट इथं राहिल्याचा फायदा सांगते, आपल्या कानावर रोज मराठी, कानडी, तेलुगू, दख्खनी हिंदी पडते, त्यामुळं सोलापूरच्या अशोक चौकातली हिरॉइन पुण्याच्या सदाशिव पेठेसारखी बोलायला लागली की लगेच कळतं.

वाचनाचं काय होतं ते मात्र आधी सांगायला पाहिजे. प्रूफांमुळं माझं वाचन हळू झालं, मेन्यूकार्डातल्या चुकाही दिसतात, त्रास होतो पण जगता येतं. लेखिकांच्या कामानं वेगळं झालं, मला दिवसभर प्रेमकथेवर काम केल्यावर रात्री प्रेमकथा वाचवत नाही. कुठलीही उघडली की विसाव्या पानावर मी मनातल्या मनात तिला पत्र लिहायला लागते. हल्ली रात्री खुनाच्या गोष्टी वाचते. त्यांचं काय बिघडलंय ते मला कळत नाही, म्हणून त्या आवडतात. आठवड्यातला रविवार मी राखून ठेवलाय, त्या दिवशी जुनी, आधी दहादा वाचलेली प्रेमकथा, पेन्सिल दुसऱ्या खोलीत.

तर माझं मत असं. ज्याला पगारासारखं थोडं पण ठरलेलं हवंय, लोकांशी फार बोलायला आवडत नाही, भांडण झेपत नाही, घरात लहान मूल आहे आणि काम तुकड्यातुकड्यात करावं लागतं, त्यानं प्रूफं घ्यावीत, आणि प्रेमकथांची घेऊच नयेत, शेतीची, पाककृतीची, कायद्याची घ्यावीत, म्हणजे डोळा पळणार नाही. ज्याला गोष्ट कुठं ढिली पडली हे अंगात कळतं, आणि ते समोरच्या बाईला न दुखावता पण न घाबरता सांगता येतं, त्यानं थेट लेखिकेकडं जावं, पहिलं काम लहान घ्यावं, दहा हजार शब्दांचं, निम्मे पैसे आधी.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला आपण दोन्हीपैकी कुठल्या बाजूच्या आहोत ते कळेना. मी तिला घरातलं एक पुस्तक दिलं, तिनं न वाचलेली प्रेमकथा, आणि एक पेन्सिल. म्हटलं छापायच्या चुका दिसतील तिथं खूण करत जा. पान तीसच्या पुढंही खुणा येत राहिल्या तर पुण्याला फोन कर. परवा पुस्तक परत आलं. सतराव्या पानापर्यंत बारीक बारीक खुणा होत्या, मग काहीच नाही, आणि एकशे चाळीसाव्या पानावर समासात मोठ्या अक्षरात लिहिलेलं, "हा एवढ्या लवकर माफी का मागतोय??"

विजापूर रोडच्या ताईंचा नंबर तिच्याकडं होताच.