को-एड ग्रामर स्कूल: चार स्टार, एक कापलाय

इंग्लंडमधल्या मराठी पालकांसाठी लिहितेय. मुलगा आणि मुलगी दोघंही एकाच ग्रामरला (म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी माध्यमिक शाळा) आहेत, आणि हे मोठंच सुख आहे, कारण बऱ्याच ग्रामर अजून फक्त मुलांच्या नाहीतर फक्त मुलींच्या, मग दोन बस, दोन युनिफॉर्म, दोन पेरेंट्स इव्हनिंग. काही मुलांच्या शाळा सिक्स्थ फॉर्मला (शेवटची दोन वर्षं, १६ ते १८ वय) मुली घेतात, त्याला को-एड समजू नका हं.

फी नाही, पण इलेव्हन प्लस, म्हणजे दहा-अकराव्या वर्षी द्यायची प्रवेश परीक्षा, काढावी लागते. पूर्वी अशा शाळांत लॅटिनची घोकंपट्टी चालायची, मग १९४४ च्या कायद्यानंतर सरकारी ग्रामरमधली फी गेली, १९६५ पासून सरकारने परीक्षेने न निवडता सगळ्यांना एकाच प्रकारची शाळा हे धोरण धरलं आणि बहुतेक ग्रामर गेल्या, आता उरल्यात १६३ आणि १९९८ च्या कायद्यामुळे नवीन काढता येत नाही. म्हणून तर एवढी मारामारी!

शिकवणं जबरदस्त, विशेषतः गणित. पण पोरांना खरं वेड हाउसचं, स्पोर्ट्स डेला आमची दोघं वेगवेगळ्या हाउसमध्ये असल्याने घरी आठवडाभर शीतयुद्ध. नाटक, ऑर्केस्ट्रा, डिबेट सगळ्यात मुलंमुली एकत्र, त्यामुळे उगाचची लाजबिज नाही.

एक स्टार कापला तो इलेव्हन प्लसच्या ट्यूशनच्या वेडासाठी, म्हणजे ज्यांना परवडतं त्यांचीच पोरं पुढे, हे मला पटत नाही. आणि कॅन्टीनची रांग!

शाळेचा अर्ज काउन्सिलकडे ३१ ऑक्टोबरपर्यंत, पण परीक्षेची नोंदणी वेगळी आणि खूप आधी असते, ती चुकवू नका.