पहिली गिटार: स्टीलच्या तारांची की नायलॉनची?

धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये (दुकान 1865 पासूनचं) किंवा आणखी कुठेही गिटार बघायला गेलात, तर रंग आणि आकार नंतर, आधी तारा बघा. तीन बारीक तारा मासे पकडायच्या दोरीसारख्या पारदर्शक असतील तर ती नायलॉनची, म्हणजे क्लासिकल गिटार. सगळ्या तारा धातूच्या असतील तर स्टीलची. दुकानदार दोघींनाही अकूस्टिकच म्हणतो.

'नवीन आहेस ना, मग नायलॉन घे, बोटं दुखत नाहीत,' असं जो तो सांगतो. यात अर्धंच खरं आहे. स्टीलची तार पहिले काही आठवडे बोटांत रुतते. रोज थोडं वाजवलं की घट्टे पडतात आणि दुखणं मागे पडतं. नायलॉनचा त्रास मात्र सरावानेही जात नाही, कारण तो तारेचा नाहीच, नेकचा, म्हणजे तारा दाबायच्या लांब दांड्याचा आहे. क्लासिकल गिटारची नेक वरच्या टोकाला साधारण 52 मिलीमीटर रुंद असते, स्टीलची 43 च्या आसपास. बोटं आखूड असतील तर एफ कॉर्ड (एका बोटाने एकाहून जास्त तारा दाबायचा स्वरमेळ) धरताना हे 9 मिलीमीटर चांगलेच जाणवतात.

पण तुम्हाला वाजवायचंय काय? मित्रांसोबत हिंदी-मराठी गाणी, पिकने (छोट्या प्लास्टिकच्या तुकड्याने) सगळ्या तारा झंकारत स्ट्रमिंग, कॅपो (नेकवर लावून सूर चढवायचा चिमटा) लावून गाणं? मग स्टीलच. नायलॉनवर पिक मारला की आवाज बसका येतो. बोटांनी एकेक सूर छेडायचा असेल, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या क्लासिकल गिटारच्या परीक्षा द्यायच्या असतील, तर नायलॉनला पर्याय नाही. वन रूम किचनमध्ये रात्री अकराला रियाज करणाऱ्यांसाठीही नायलॉन बरी. भिंतीपलीकडचे काका झोपू शकतात. (इलेक्ट्रिक आणि हेडफोन हा तिसरा मार्ग आहेच, पण त्याचा खर्च आणि वायरी वेगळ्या.)

आता मुंबईचा पावसाळा. हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे 80 टक्क्यांच्या वर असते. लाकूड फुगतं, पुढची फळी किंचित वर येते, तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) दूर जातात आणि दाबायला जड होतात. हे दोन्ही गिटारींचं होतं. शिवाय स्टीलच्या तारा गंजतातही. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसायच्या, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. मात्र स्टीलच्या नेकमध्ये ट्रस रॉड, म्हणजे पिळून नेकचा बाक कमीजास्त करता येणारा धातूचा दांडा असतो, त्यामुळे वाकलेली नेक कारागीर सरळ करू शकतो. स्वस्त क्लासिकलमध्ये तो बहुधा नसतो. आणि पहिली गिटार प्लायवुडचीच घ्या. सॉलिड लाकडाचा आवाज छान, पण ओल्या हवेत त्याचे नखरेही जास्त.

एक जुगाड मात्र करू नका: नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण 40 किलोच्या आसपास असतो, स्टीलचा 70 च्या वर जाऊ शकतो. तारा जिथे अडकवतात तो ब्रिज उखडून हातात येतो.

माझं मत विचाराल तर मोठ्या माणसाने स्टीलचीच घ्यावी, पण दुकानातून निघण्याआधी 10 नंबरच्या (सर्वांत बारीक तार 0.010 इंच जाडीची) पातळ तारा चढवून आणि अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली करून. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच-तीन मिलीमीटर फट पुरते. 'नवीन आहे, वाजवून सैल होईल' असं कोणी म्हणालं, तर दुसरी गिटार दाखवा म्हणायचं.